लामूला जाताय? आधी लस

महोदय,

केनियाची सहल आखणारे बडोदेकर सफारी उरकून परततात. 2001 पासून जागतिक वारसा असलेले लामू, तिथले बेटावरचे जुने शहर, राहूनच जाते. पिवळ्या तापाची लस मात्र निघण्याआधी किमान 10 दिवस घ्यावी. दाखला नसला तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण!

विमान शेजारच्या मांडा बेटावर उतरते, पुढे होडी. गल्ल्या अरुंद, ओझे गाढवावर. चाकांची बॅग कुचकामी. जुन्या घरांच्या खोल्या लांबट नि चिंचोळ्या, कारण छताला खारफुटीचे वासे: वासा पुरेल तेवढीच रुंदी. होडीची वेळ नीट विचारा. तिथल्या स्वाहिली भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात: ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजता, पण घड्याळात सकाळचे 7.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे