आभा नंबर झाला, पण रिपोर्ट कुठं आहे?

मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

राधानगरी-भुदरगडचा पेशंट कोल्हापूरला कसा येतो, हे तुम्हाला मंत्रालयात कुणी सांगायची गरज नाही. एसटी नाहीतर वडाप, आणि मांडीवर कागदांची पिशवी. पिशवी हरवली की आजाराचा सगळा इतिहासच गेला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या लोकांनी हे भोगलंय. म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, तेव्हा माझ्यासारख्याला बरं वाटलं होतं. १४ आकडी आभा नंबर, म्हणजे पेशंटची डिजिटल आरोग्य-ओळख, आणि पेशंटनं परवानगी दिली की जुने रिपोर्ट डॉक्टरसमोर. पिशवी सुटली म्हणायची!

प्रत्यक्षात काय चाललंय? जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लाईनीत उभा होतो. पुढं सत्तरीतल्या एक मावशी. खिडकीतला मुलगा त्यांचा आभा नंबर काढत होता.

"ओटीपी आला काय बघा."

"फोन पोराकडं हाय. त्यो कामावर हाय."

पोरगा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, फोन उचलेना. "मग थांबा बाजूला," म्हणाला खिडकीतला मुलगा. त्याला तरी काय बोलणार, मागं ही रांग! पण आभा ऐच्छिक आहे, त्यावाचून कुणाचा केसपेपर अडू नये, हे त्याला कुणी शिकवलंय का? खिडकीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं तर मला दिसलं नाही.

बरं, नंबर निघाला तरी पुढं काय? या योजनेत रिपोर्ट दिल्लीच्या एखाद्या कपाटात जाऊन पडत नाहीत. ते ज्या त्या दवाखान्याकडेच राहतात आणि परवानगीनं दुसरीकडे दिसतात. त्यासाठी दोन्ही दवाखान्यांची सॉफ्टवेअर जोडलेली लागतात आणि रिपोर्ट त्यात रोजच्या रोज चढवणारा माणूस लागतो. नुसते नंबर काढून शिबिरांचे आकडे फुगतात, मावशींची शुगर डॉक्टरला दिसत नाही. पुन्हा रक्त काढा, पुन्हा एक्स-रे.

आणि खरी गाठ आहे ती खात्यांची. ग्रामीण रुग्णालय तुमच्या खात्याचं. थोरला दवाखाना, म्हणजे कोल्हापुरातलं आपलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), वैद्यकीय शिक्षण खात्याचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी उपचार मोफत झाले, तेही तुमच्या खात्याच्या दवाखान्यांपुरते. गारगोटीहून सीपीआरला पाठवलेल्या पेशंटला ही खात्यांची हद्द कशी कळावी? त्याच्या लेखी सरकार एकच. योगायोग बघा, दोन्ही खात्यांचे मंत्री आज कोल्हापूर जिल्ह्याचेच, तुम्ही आणि मुश्रीफसाहेब. ही गाठ इथं सुटणार नसेल तर कुठं सुटणार?

टेलिमेडिसिनबद्दल तक्रार नाही. पावसात रस्ते बंद पडले की गगनबावड्याच्या माणसाला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टर भेटतो, ही छोटी गोष्ट नव्हे. रेंज असली तर, एवढंच.

साहेब, मागणी मोठी नाही. सगळा महाराष्ट्र एकदम नको. आपल्या जिल्ह्यातली ग्रामीण रुग्णालयं आणि सीपीआर एवढंच आधी जोडा. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्या, या तीन गोष्टी पेशंटच्या आधी सीपीआरला पोचू द्यात. प्रत्येक केसपेपर खिडकीशेजारी मदतीला एक माणूस बसवा. आणि किती आभा नंबर काढले हा आकडा आढावा बैठकीत विचारूच नका. किती पेशंटचे जुने रिपोर्ट डॉक्टरनं उघडून बघितले, तेवढं विचारा.

आपला,
एक कोल्हापूरकर