उमेदवाराचे आडनाव नको, त्याचे काम पाहू या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

2028 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतील संभाव्य उमेदवारांवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख इथे एडिसनमध्ये, न्यू जर्सीत बसून वाचला. नावे बरोबर होती, माहितीही चुकीची नव्हती, तरी वाचून अस्वस्थ झालो. लेखाची निम्मी जागा कोणाची पत्नी आंध्रातल्या आईवडिलांची मुलगी, कोणाची आई चेन्नईची, कोणाचे आजोबा स्वातंत्र्यलढ्यातले यात गेली होती, आणि उरलेली जनमत चाचण्यांच्या टक्क्यांत.

हा दोष एकट्या आपल्या लेखाचा नाही. इथे मराठी मंडळाच्या दिवाळीतही फराळाच्या ताटाभोवती पहिला प्रश्न असतो, ‘यंदा आपला कोण?’ मीही तेच केले आहे. 2019 मध्ये कमला हॅरिस यांच्या अध्यक्षपदाच्या मोहिमेला पंचवीस डॉलर पाठवले, ते आईचे नाव श्यामला गोपालन आहे एवढ्यावर. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकारी, म्हणून सहा वर्षांत त्यांनी कोणते निर्णय घेतले, याचे एक पानही तेव्हा वाचले नव्हते. एकही मत पडण्याआधी, डिसेंबर 2019 मध्येच, त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. पैशांचे काही नाही, पण नागरिकत्वाची शपथ घेतलेल्या माणसाने मत असे बनवावे, याची लाज अजून वाटते.

वंशाच्या नात्याने हाती काय लागते ते 2025 मध्ये दिसले. उषा व्हान्स उपाध्यक्षांच्या पत्नी म्हणून व्हाइट हाउसच्या समारंभांत दिसल्या, तेव्हा आपल्याकडे केवढे कौतुक झाले! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच प्रशासनाने भारतीय मालावर एकूण 50 टक्के आयातशुल्क लावले आणि सप्टेंबरमध्ये एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. सोलापुरातून टॉवेल निर्यात करणाऱ्याला त्या नात्याचा उपयोग झाला नाही, माझ्या शेजारच्या पोराच्या नोकरीलाही नाही. मागच्या वेळी रिपब्लिकन उमेदवारी मागणारे विवेक रामस्वामी 2026 मध्ये ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी उतरले आणि त्यांचे नाव पुढेही येत राहील. 2023 मध्ये त्यांनीच एच-1बीची सोडत मोडीत काढू म्हटले होते. मतदानाचे वय पंचवीस करण्याची कल्पनाही त्यांचीच. पटो न पटो, चर्चा या मुद्द्यांची हवी. दक्षिण कॅरोलिनाच्या माजी गव्हर्नर निकी हेली यांच्याबद्दल सांगायचे तर त्यांचे मूळ पंजाबी नाव सांगून थांबू नये. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर राज्याच्या विधानभवनासमोरचा कॉन्फेडरेट ध्वज (गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा) उतरवण्याच्या कायद्यावर त्यांनी सही केली. स्वतःच्या पक्षाचे मतदार दुखावण्याची भीती असताना केलेली ती सही, माझ्या मते, त्यांच्या बाजूने जाणारी सर्वांत मोठी गोष्ट आहे.

आता चाचण्यांविषयी. दोन-अडीच वर्षे आधीची टक्केवारी म्हणजे पाण्यातल्या म्हशीचे मोल. 1991 च्या सुरुवातीला आखाती युद्धानंतर थोरल्या बुश यांची लोकप्रियता 89 टक्क्यांवर होती. त्यांच्यासमोर हरायचेच आहे असे धरून डेमोक्रॅटिक पक्षातले मोठे मोठे नेते घरी बसले. न्यू यॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांच्यासाठी 20 डिसेंबरला राजधानी ऑल्बनीत विमान तयार होते, न्यू हॅम्पशरला जाऊन तिथल्या प्रायमरीचा (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचा) अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस. ते गेले नाहीत, राज्याचा अर्थसंकल्प अडकला आहे असे कारण दिले. उतरला तो पंचवीस लाखांहून कमी वस्तीच्या आर्कन्सॉचा गव्हर्नर, बिल क्लिंटन, आणि पुढच्या नोव्हेंबरात बुश यांना 37 टक्केच मते पडली. 2007 मध्ये रिपब्लिकन चाचण्यांत न्यू यॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी वर्षभर पुढे होते, प्रत्यक्षात एकही राज्य जिंकले नाहीत. आणि चाचण्याच काय, सुरुवातीच्या निकालांवरूनही अंदाज चुकतो: बायडेन 2020 मध्ये पक्षाच्या पहिल्या दोन लढतींत, आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले होते, तरी अध्यक्ष तेच झाले.

मग पाहायचे काय? मला वाटते, हातात कारभार असताना माणसाने काय केले ते. आणि त्यासाठी गव्हर्नरांकडे बघावे. आपल्याकडच्या वाचकाला राज्यपाल म्हटले की राजभवन डोळ्यांपुढे येते, पण अमेरिकी गव्हर्नर थेट लोकांतून निवडून येतो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्याचे असते. कृपया ‘गव्हर्नर’च लिहा, गैरसमज टळेल.

जून 2023 मध्ये फिलाडेल्फियात पेट्रोलचा टँकर उलटून पेटला आणि आय-95 महामार्गाचा पूल कोसळला. माझा तो नेहमीचा रस्ता. महिनोन्‌महिने जातील असे सगळे म्हणत होते. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांनी आणीबाणी जाहीर करून परवानग्यांचा घोळ बाजूला सारला, जुन्या काचेपासून केलेल्या हलक्या खडीने खालचा खड्डा भरून घेतला आणि बाराव्या दिवशी वाहतूक सुरू झाली. याच शापिरोंचा 2025 चा अर्थसंकल्प मात्र चार महिन्यांहून अधिक रखडला. एक सभागृह विरोधकांच्या हाती, हे कारण खरे आहे. पण वॉशिंग्टनमध्येही हीच अडचण येणार, तेव्हा या दोन्ही गोष्टी सोबतच मोजायला हव्यात.

बेळगावचे श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते, हे मराठी माणसाला ठाऊक असते. तिथे त्यांना हरवणाऱ्या ग्रेचेन व्हिटमर आज अध्यक्षपदाच्या संभाव्य नावांत आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. खराब रस्ते नीट करू या घोषणेवर त्या निवडून आल्या. त्यासाठी इंधनावर गॅलनमागे 45 सेंटचा कर सुचवला, विधिमंडळाने तो धुडकावला, मग 2020 मध्ये त्यांनी साडेतीन अब्ज डॉलरचे रोखे काढून कामे सुरू केली. म्हणजे वाट काढली, पण कर्ज काढून. रिपब्लिकन वर्चस्वाच्या केंटकीत गव्हर्नरपद दोनदा जिंकलेले डेमोक्रॅट अँडी बेशियर यांच्यावर मराठीत मी एकही ओळ वाचलेली नाही. गॅव्हिन न्यूसम रोज बातमीत असतात, पण ते गव्हर्नर असताना कॅलिफोर्नियातल्या बेघरांचा प्रश्न कुठे पोहोचला, ते त्या बातम्यांत नसते.

मला ही तळमळ का, तेही सांगतो. न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये होते. 2016 मध्ये आमची पाळी येईपर्यंत ट्रम्प यांचे शेवटचे प्रतिस्पर्धीही महिनाभर आधी माघार घेऊन गेले होते. म्हणजे आम्ही मतपत्रिका हाती घेतो तेव्हा निवड बहुधा झालेली असते, आणि ती ज्या दोन वर्षांत घडते तेव्हा आम्ही चेन्नई आणि चंडीगडच्या गोष्टी करत असतो. आमच्यातले पुष्कळ जण अमेरिकेचे राजकारण आजही आधी मराठी वर्तमानपत्रात वाचतात. गावाकडचे नातेवाईक फोनवर तेच विचारतात.

2026 च्या नोव्हेंबरमध्ये 36 राज्यांत गव्हर्नर निवडले जाणार आहेत आणि त्यानंतर अध्यक्षपदाच्या घोषणा सुरू होतील. माझी विनंती आहे की तोपर्यंत महिन्यातून एकदा, एका इच्छुकाच्या कारभारावर अर्धे पान द्यावे. पहिले बेशियर यांच्यावर आले तर फार आनंद होईल.

आपला,
एक नियमित वाचक, एडिसन (न्यू जर्सी)