गोगलगाईचे विष आणि तुमचे दोन प्रश्न

तीर्थरूप आई व बाबा यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवर तुम्ही दोघांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे घाईघाईत देण्यासारखी नव्हती, म्हणून सविस्तर लिहीत आहे. समुद्री गोगलगाईच्या विषापासून मॉर्फिनपेक्षा हजारपट प्रभावी वेदनाशामक तयार झाल्याचे बाबांनी वाचले आणि कंबरेच्या जुन्या दुखण्यावर ते मिळेल का, असे विचारले. आईला त्याच गोगलगाईच्या इन्सुलिनविषयी कुतूहल होते. बातमी खोटी नाही, परंतु अशा बातम्यांत जे गाळले जाते तेच रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

कोन स्नेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गोगलगाई मुख्यतः उष्ण कटिबंधातील समुद्रांत राहतात. त्यांच्या शेकडो जाती आहेत. बहुतेक जाती समुद्री कृमी खातात, काही इतर गोगलगाईंवर जगतात आणि थोड्या जाती चक्क मासे पकडतात. इतक्या संथ प्राण्याला मासा पकडायचा असेल, तर तो जागच्या जागी निश्चल व्हायला हवा. दूर पोहत जाऊन मेलेला मासा तिच्या काहीच उपयोगाचा नाही. म्हणून पोकळ, आकडेदार दातातून ती भक्ष्याच्या शरीरात विष सोडते आणि ते काही क्षणांत चेतासंस्थेवर काम करते. कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसेही दगावली आहेत आणि त्या विषावर उतारा उपलब्ध नाही.

हे विष म्हणजे एकच द्रव्य नव्हे. एकेका जातीच्या विषात शंभराहून अधिक पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, असतात. बहुतेकींची लांबी दहा ते तीस अमिनो आम्लांच्या आसपास असते आणि गंधकाच्या बंधांनी त्या घट्ट दुमडलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा आकार सहजी बिघडत नाही. संशोधकांना या विषाच्या तीव्रतेपेक्षा त्याच्या चोखंदळपणाचे मोल अधिक वाटते. साऱ्या घराची वीज तोडण्याऐवजी एकाच खोलीतला एकच दिवा मालवावा, तसे यातले एकेक पेप्टाइड चेतापेशीवरील विशिष्ट प्रकारच्या वाहिनीला (विद्युतभारित कण आतबाहेर जाण्याच्या दाराला) किंवा ग्राहीलाच (रासायनिक संदेश टिपणाऱ्या भागालाच) जाऊन चिकटते. शेजारच्या, जवळजवळ तशाच दिसणाऱ्या वाहिनीकडे ते ढुंकूनही पाहत नाही. म्हणूनच औषध होण्याच्या कितीतरी आधीपासून ही पेप्टाइडे प्रयोगशाळांत चेतापेशींचा अभ्यास करण्याचे साधन म्हणून वापरली जात आहेत. माझ्या मते त्यांचे आजवरचे सर्वांत मोठे योगदान हेच आहे, जरी त्याची बातमी होत नसली तरी.

या संशोधनाची सुरुवात 1970च्या सुमारास फिलिपिन्समध्ये झाली. डीएनएवर काम केलेले फिलिपिनो शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्याजवळ त्या कामासाठी लागणारी उपकरणे नव्हती. म्हणून त्यांनी सहकारी शास्त्रज्ञ लुर्डेस क्रूझ यांच्यासह किनाऱ्यावर सहज मिळणाऱ्या या गोगलगाईंचे विष तपासायला घेतले. पुढे अमेरिकेतील युटा विद्यापीठात ऑलिव्हेरा यांच्या प्रयोगशाळेत क्रेग क्लार्क या पदवीच्या विद्यार्थ्याने विषातील घटक वेगवेगळे करून थेट उंदरांच्या मेंदूत टोचून पाहण्याची कल्पना काढली. एका घटकाने उंदीर झोपला, दुसऱ्याने तो थरथरू लागला, तिसऱ्याने स्वतःला खाजवू लागला. मायकेल मॅकिन्टॉश या दुसऱ्या विद्यार्थ्याने कोनस मॅगस या जातीच्या विषातून जे पेप्टाइड वेगळे केले, त्याचेच बाबांनी वाचलेले औषध झाले.

त्याचे नाव झायकोनोटाइड. त्यात 25 अमिनो आम्ले असून अमेरिकेत त्याला डिसेंबर 2004मध्ये मान्यता मिळाली. ते प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने तयार केले जाते, त्यासाठी गोगलगाई मारावी लागत नाही. वेदनेचा संदेश मज्जारज्जूत पुढच्या चेतापेशीकडे जाण्यासाठी विशिष्ट कॅल्शियम वाहिन्या उघडाव्या लागतात. हे औषध त्याच बंद करते. मॉर्फिनप्रमाणे शरीराला त्याची सवय जडत नाही, की मात्रा सतत वाढवत न्यावी लागत नाही. परंतु ते गोळीच्या रूपात घेता येत नाही आणि रक्तातून मज्जारज्जूपर्यंत नीट पोहोचतही नाही. म्हणून पंप आणि बारीक नळी यांच्या साहाय्याने ते थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. चक्कर येणे, गोंधळल्यासारखे होणे, स्मृती मंदावणे, क्वचित भास होणे असे त्रासही संभवतात. त्यामुळे इतर उपचारांनी न शमणाऱ्या अतितीव्र, दीर्घकालीन वेदनांसाठीच ते राखून ठेवलेले आहे. ‘हजारपट’ हा शब्द केवळ मात्रा किती कमी लागते एवढेच सांगतो. तेव्हा बाबा, तुमच्या कंबरेसाठी ते नाही, आणि तशी वेळ आली नाही याचे मला समाधानच आहे.

आता आईचा प्रश्न. कोनस जिओग्राफस पाण्यात स्वतःचे इन्सुलिन सोडते, हे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. ते माशांच्या इन्सुलिनशी मिळतेजुळते असल्याने माशांची रक्तशर्करा घसरते, ते सुस्तावतात आणि गोगलगाय त्यांना अलगद गिळते. शिकारीसाठी इन्सुलिन वापरावे, हे वाचून मीही चकित झाले होते. माणसाच्या इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र येतात आणि सुटे झाल्यावरच काम करू लागतात. त्यांना एकत्र आणणारा तुकडा गोगलगाईच्या इन्सुलिनमध्ये नाहीच, तरीही ते माणसाच्या इन्सुलिन-ग्राहीवर, कमी जोराने का होईना, परिणाम करते. हाच धडा घेऊन 2020मध्ये संशोधकांनी माणसाच्या इन्सुलिनची आखूड आवृत्ती तयार केली आणि उंदीरवर्गीय प्राण्यांवर ती प्रभावी ठरली. प्राण्यांवरील यशापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता मात्र लांबचा असतो. झायकोनोटाइडलाही विषातून वेगळे झाल्यापासून मान्यतेपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ लागला.

म्हणून आई, सध्याचे इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घेत राहा. जेवणाआधी अर्धा तास ते टोचून घेण्याचा तुला कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. पण ते रेणू सुटे होऊन रक्तात पोहोचायला जो वेळ लागतो, त्यासाठीच तो अर्धा तास आहे, तेवढा तू चुकवू नकोस.

तुमची,
लेक