‘ठसका लागतो का?’ असं विचारणाऱ्या काकींना

आदरणीय काकी,
सा. न. वि. वि.

बाबांच्या अंगावरून वारं गेलं, पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा दवाखान्यात माणसांची कमी नव्हती. खरी पंचाईत झाली ती घरी आणल्यावर. हातात डिस्चार्जचा कागद, त्यावर गोळ्यांची नावं आणि शेवटी ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढी एक ओळ. जन्मभर कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, सोन्याचा साज घडवलेला माणूस, त्याचा उजवा हात लुळा आणि तोंडातून शब्द नाही. पुढं काय, कुणाकडं जायचं, काही सुचत नव्हतं. तेव्हा तुम्ही आलात.

भेटायला येणारा प्रत्येकजण ‘कसं झालं हो?’ विचारायचा. तुम्ही चप्पल काढता काढता विचारलंत, ‘पाणी पिताना ठसका लागतो का?’ लागत होता. गिळणं बिघडलं की पाणी श्वासनलिकेत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो आणि हे तपासायचं काम स्पीच थेरपिस्ट करतात, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. काकांची सेवा करताना तुम्ही हे सगळं स्वतः शिकला होतात. थेरपिस्ट मॅडमना दाखवेपर्यंत तुम्ही आम्हाला स्वस्थ बसू दिलं नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून बाबांना ताठ बसवून घट्टसर आंबील, चमच्या-चमच्यानं सुरू झाली.

कबुतराचं रक्त चोळा म्हणणारे घरात येत होते. तुम्ही त्यांना आमच्यादेखत गप्प केलंत, त्याबद्दल आई अजून तुमचं नाव काढते. लुळ्या हाताला धरून उठवू नका, खांदा निखळतो, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि फ्रीजवर तुमच्या अक्षरातला कागद आजही आहे: तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर लगेच 108. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, हे त्याच्याखाली दोन रेघा मारून लिहिलंय.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती एक संध्याकाळ. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बोलणं अडतं, पण तोंडात बसलेल्या आरत्या, पाढे पुष्कळदा शाबूत राहतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. तुम्ही बाबांसमोर बसलात, म्हणालात, ‘जोतिबाच्या नावानं...’ आणि थांबलात. आई मधेच शब्द सांगायला गेली, तिला हातानंच अडवलंत. बाबांचे ओठ नुसतेच हलत राहिले. मग घोगऱ्या आवाजात आलं, ‘चांगभलं’. आई पदर तोंडाला लावून आत गेली. त्या दिवसापासून बाबांशी ओरडून बोलणं आम्ही बंद केलं. त्यांना ऐकू येत होतं, समजतही बरंच होतं. शब्द शोधायला वेळ हवा होता.

मधे बाबा भिंतीकडं तोंड करून पडायला लागले, जेवण टाकलं. ‘हट्टीपणा करतात’ असं आम्ही समजलो असतो. झटक्यानंतर तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा, हे तुम्ही निक्षून सांगितलंत. औषधानं फरक पडला. आईकडंही तुमचंच लक्ष होतं. मंगळवारी तुम्ही बाबांजवळ बसायचात आणि तिला अंबाबाईला पिटाळायचात. घरच्या बाईनं तासभर मोकळा श्वास घ्यावा, याचा विचार दुसऱ्या कुणी केला नव्हता.

दिव्यांग कायदा 2016 चा, त्यात आपलं माणूसही बसतं, हे आमच्या गावीही नव्हतं. सहा महिने झाल्यावर दिव्यांग कार्डासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी, अशी वाट तुम्ही दाखवलीत. रांगेत कागदांची पिशवी सांभाळत आईशेजारी उभ्या राहिलात, ते वेगळंच. कार्ड आलंय. टक्केवारी चाळीसच्या वर असल्यानं एस.टी.ची सवलतही मिळते.

बाबा आता काठी घेऊन रंकाळ्यावर फिरतात. साजाचं काम होत नाही, त्याचं दुःख आहेच आणि ते राहील. पण दुकानात बसून पोरांनी घडवलेला मणी डाव्या हातात धरून निरखतात, चुकला तर ‘नाही’ म्हणतात. स्पष्ट म्हणतात.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून आईच्या मावसबहिणीचा फोन आला, तिच्या दिरांना झटका आलाय. मी आधी ठसक्याचं विचारलं. तुमचा नंबर त्यांना देऊ का? तुम्ही हो म्हणाल, हे ठाऊक आहे, तरी विचारून देतो. रविवारी जेवायला यायचं आहे. बाबांनी तसं स्वतः सांगायला लावलंय.

आपला,
गुजरीतला तुमचा पोरगा