आर्मरर सर, न उडालेलं काडतूस वाचायला शिकवल्याबद्दल

आदरणीय आर्मरर सर (क्लबच्या रायफली तपासणारे, दुरुस्त करणारे),
सप्रेम नमस्कार.

पॉइंट टू-टू (.२२) रायफल अडकली किंवा ट्रिगर दाबल्यावर नुसताच ‘टक्’ आवाज आला, की पहिला हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. तुम्ही तो हात थांबवलात आणि आधी न उडालेलं काडतूस उजेडात धरून बघायला लावलंत. क्लबातल्या आम्हा सगळ्या रायफल नेमबाजांतर्फे त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमची पद्धत रेंजवर नव्याने येणाऱ्यालाही कळायला हवी.

काडतूस उडालं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, यावर तुम्ही कधीच तडजोड करू दिली नाहीत. उशिरा पेटणारं काडतूस बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, उघडल्यावर फुटलं तर पितळेचे तुकडे तोंडावर येतात. आवाज दबका आला तर पुढची गोळी मारायचीच नाही. रायफल रिकामी करायची, बोल्ट काढायचा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी गेली तर बॅरल कायमची फुगते.

मग काडतुसाची कड. टू-टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे कडेवर घाव बसून उडणारं. त्यात मध्यभागी वेगळी टोपी नसते, प्रायमरचा (ठिणगी पाडणारा) मसाला कडेच्या पोकळ घडीत गोलगोल फिरवून बसवलेला असतो. एखाद्या जागी तो पोचलेला नसेल आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच बसली, तर तिचा घाव चांगला खोल असूनही काडतूस गप्प राहतं. ते अर्धा वळसा फिरवून पुन्हा लावल्यावर उडालं तर संशय काडतुसावर. घाव उथळ असेल तर मात्र दोष रायफलमध्ये शोधायचा. तिथेही पिन ढकलणाऱ्या स्प्रिंगचा नंबर शेवटचा, ही तुमची शिकवण फार मोलाची आहे.

कारण बहुतेक वेळा खोट चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, असते. टू-टूच्या गोळीला बाहेरून मेण लावलेलं असतं. ते मेण, शिसं आणि काजळी मिळून चेंबरमध्ये थर धरतात, काडतूस केसभर मागे राहतं, आणि पिनचा जोर ते पुढे ढकलण्यातच खर्च होतो. म्हणून तर दुसऱ्या घावाला तेच काडतूस उडतं! उपाय तुम्ही दाखवलेलाच: बोल्ट काढायचा, सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला .२२ चा ब्राँझ ब्रश मागच्या बाजूने फक्त चेंबरपुरता घालून हाताने ८-१० वळसे द्यायचे, १० मिनिटं मुरू द्यायचं, मग पॅच (कापडाचे तुकडे) कोरडे निघेपर्यंत पुसायचं. मॅच चेंबरमध्ये (स्पर्धेच्या रायफलच्या घट्ट चेंबरमध्ये) गोळी नळीच्या खाचांना टेकते, त्यामुळे बोल्ट मिटताना शेवटी थोडा दाब लागतो. तो दोष नव्हे.

चेंबर स्वच्छ असूनही घाव उथळच येत असेल तर बोल्ट. पिनच्या वाटेत घट्ट झालेलं तेल पिनला मंदावतं, थंडीत तर जास्तच. धुऊन, पूर्ण कोरडं करून पातळ तेलाचा जेमतेम हात पुरतो. पिनचं टोक झिजलंय का, तेही भिंगातून बघायचं. काही रायफलींत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबत राहिलं तर पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथला धातू आत दबून काडतूस अडतं. तिथे कानस लावायची नाही. तो धातू जागेवर दाबायचं खास हत्यार असतं आणि ते तुमच्याच हातात शोभतं.

काडतूस चेंबरमध्ये चढतच नसेल तर मॅगझिनवर (काडतुसं भरायच्या पेटीवर) नंबर टाकून अदलाबदल करायची. दोष मॅगझिनबरोबर फिरला तर रायफल निर्दोष. मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) फाकलेले असले की काडतूस लवकर सुटून नाक (गोळीचं टोक) वर जातं; फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) अडखळत असला की नाक खाली राहून चेंबरच्या काठाला धडकतं. गोळीवर शिसं कुठे खरवडलंय, त्यावरून हे ओळखू येतं. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी, मागे पडली की दोन्ही एकमेकांत अडकतात. आणि मॅगझिनच्या आत तेल नको, त्याला धूळ चिकटते.

सेमी-ऑटोत (गोळी सुटल्यावर पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या रायफलीत) रिकामी केस अर्धवट अडकत असेल तर आधी एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखालचं मेण टूथपिकने काढून बघायचं. सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) काडतुसात बोल्ट पूर्ण मागे ढकलण्याइतका जोर पुष्कळदा नसतो. त्याच रायफलमध्ये हाय-व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) काडतुसं बिनबोभाट चालली तर काही उघडायची गरज नाही.

न उडालेली काडतुसं वेगळ्या डब्यात ठेवून त्यांचा लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक) लिहायची सवय तुम्ही लावलीत, ती आता प्रत्येक बेंचवर आहे. ती काडतुसं कुणीही फोडत नाही. डबा तसाच तुमच्याकडे येतो.

आपले कृतज्ञ,
क्लबचे रायफल नेमबाज