माझा नंबर कुठून मिळाला, एवढं विचारू द्या

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

ठाण्यात नौपाड्याला माझं छपाईचं दुकान आहे. पत्रकं, दिवाळीची कार्डं आणि हल्ली दुकानदारांतर्फे त्यांच्या गिऱ्हाइकांना जाणारे मेसेज, ही माझी कामं. तेव्हा जाहिरातीचे मेसेज बंदच करा, असं मी म्हणणार नाही. माझं पोट त्यावर आहे. मागणं एवढंच, की ज्याच्याकडे माझा नंबर आहे त्याला ‘कुठून मिळाला?’ हे विचारण्याचा हक्क कायद्याने द्यावा.

आमच्या धंद्यात सगळा खेळ यादीचा. मजकूर, डिझाइन, सवलत नंतर. आमच्याकडे घरगुती फराळ करून देणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्या वहीत नाव, इमारत, गेल्या दिवाळीला काय नेलं, चकली कमी तिखट हवी का, सगळं असतं. दसरा झाला की त्या मेसेज पाठवतात आणि ऑर्डरी येतात, कारण वहीतलं प्रत्येक नाव आपल्या पायांनी त्यांच्या दारात आलेलं असतं. मोठ्या कंपन्या महागडी सॉफ्टवेअरं लावून शेवटी हेच रकाने भरतात: शेवटची खरेदी कधी, किती वेळा, किती रुपयांची.

दुसरी यादी विकायला येते. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमालकांची एक्सेल शीट. विकणारा म्हणतो, “साहेब, चालू डेटा आहे.” कुठून आणला विचारलं की “आतून.” कुठल्या आतून, ते तो सांगत नाही. नाव मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनावरून उचललं, वाशीच्या घरांच्या प्रदर्शनातून की सोसायटीच्या गेटवरच्या वहीतून, कळायला मार्ग नाही. फ्लॅटमालक म्हणून दिलेल्यांतले निम्मे भाडेकरू निघतात, कधीच घर सोडून गेलेले, उरलेले शिव्या घालतात, आणि पैसे दुकानदाराचे जातात.

प्रामाणिक यादीवाल्यांची जुनी रीत वेगळी. ते यादी विकत नाहीत, एका वापरापुरती भाड्याने देतात आणि तिच्यात आपल्याच माणसांची दोन-चार नावं पेरून ठेवतात. ठरल्यापेक्षा जास्त वेळा पत्र गेलं की पेरलेल्या पत्त्यावरही ते पडतं आणि चोरी उघडी होते. आपली यादी कुठे फिरते हे मालकाला कळण्याची सोय धंद्याने केव्हाच केली. यादीत ज्याचं नाव आहे त्याची सोय मात्र करायची राहूनच गेली.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ती होईल असं वाटलं होतं. तसा कायदा चांगला आहे. कागदी कुपनावरची माहितीसुद्धा संगणकात भरली की त्याच्या कक्षेत येते. पण कलम 11 पाहा. माहिती पुढे कोणाला दिली हे विचारता येतं, पण ज्याला आपण आधी संमती दिली त्यालाच. शीट विकत घेऊन फोन करणाऱ्याला आपण संमती दिलेलीच नसते, म्हणून या कलमाखाली त्याला काही विचारता येत नाही. आणि ज्याला विचारता येतं तो कोण, हेच ठाऊक नसतं! डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रारीची वाट आहे, पण आपल्या हाती नाव फक्त फोन करणाऱ्याचं. शीट विकणारा नामानिराळा. त्यात तक्रार खोटी किंवा उथळ ठरली तर नागरिकालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड. मग अंदाजाने कोण कोणाचं नाव घेणार? युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या डेटा संरक्षणाच्या कायद्यात, माहिती खुद्द त्या माणसाकडून घेतलेली नसेल तर ती कुठून आली हे त्याला विचारता येतं.

एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाने 2018 च्या नियमांनी पाठवणाऱ्याची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी सक्तीची केली. आम्ही ती निमूट केली. विकतच्या याद्या मग व्हॉट्सअ‍ॅपकडे वळल्या. तिथे हे नियम पोचत नाहीत. दूरसंचार हे खातं वेगळं, हे जाणतो. पण एकेका मेसेजमागे धावण्यापेक्षा यादीला धरणं सोपं, आणि यादी तुमच्या कायद्यात येते.

म्हणून कलम 11 दुरुस्त करा. संमती दिलेली असो वा नसो, ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती कोणाकडून, कधी आणि कशासाठी घेतली हे विचारल्यावर सांगावं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि बहुतेक तरतुदी लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे. ती सरण्याआधी हे व्हावं. छोट्या दुकानदारावर ओझं पडेल, असं कोणी सांगेल. काकू वही उघडून दाखवतील, त्यांची काळजी नको.

आणखी एक. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मराठीसारख्या, भाषांतही मिळायला हवी, असं कायदा म्हणतो. कुपनांवरची बारीक अक्षरं वाचणं हा माझा धंदाच आहे, आणि माझ्या हाती येतात ती बहुतेक इंग्रजीत. आपल्या मंत्रालयाने मराठीतला एक सोपा नमुना काढला, तर आम्ही छापखानेवाले तो लगेच छापायला घेऊ.

आपला,
नौपाड्यातला एक छापखानेवाला