किती चाचण्या केल्या, तेही छापा

संपादक महोदय,

द्राक्ष-हळदीच्या प्रयोगांचे निकाल छापताना एकूण चाचण्या किती केल्या, तेही द्यावे. रेषीय मॉडेलमध्ये (निकाल घटकांच्या भारित बेरजेने मांडणाऱ्या सूत्रात) खत, पाणी, छाटणी असे २० घटक घालून प्रत्येकाला ०.०५ ची पातळी (परिणाम नसताना तो आहे असे चुकून ठरण्याची मान्य शक्यता) लावली, तर एकाचाही परिणाम नसताना निदान एक तरी ‘परिणामकारक’ ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते (चाचण्या स्वतंत्र धरून). बॉनफेरोनीच्या दुरुस्तीने, म्हणजे पातळीला चाचण्यांच्या संख्येने भागल्यास, ती ०.००२५ वर येते, पण खरा परिणामही निसटू शकतो. त्यापेक्षा होल्मची पद्धत बरी: पी-मूल्ये (परिणाम नसताना इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) चढत्या क्रमाने लावा, सर्वांत लहान ०.०५/२० शी, पुढचे ०.०५/१९ शी ताडा. जे पहिले मूल्य आपल्या पातळीहून मोठे निघेल तिथे थांबा; त्याआधीचे घटक तेवढे परिणामकारक. सगळ्या वाणांची जोडीजोडीने तुलना असेल तर टुकीची पद्धत, फक्त प्रचलित वाणाशी असेल तर डनेटची. आकडे पाहून सोयीच्या जोड्या निवडणे सर्वांत घातक. मग फक्त तेवढ्याच जोड्या मोजून केलेली दुरुस्ती लागू पडत नाही.

— संख्याशास्त्राचे शिक्षक, सांगली